चौथी बाजू

चियातुराला पोचले तेव्हा दुपार कलली होती.
दरीवर जुन्या पाळण्यांचे दोर अजून लोंबत होते.
पाचव्या मजल्यावर आईनं दार उघडलं
हातातली कात्री न ठेवताच.

"बूट काढ, गालिचा नवा आहे."
नवा म्हणजे बाबांचे सतरा टाय,
कामगार दिनाच्या मिरवणुकीपासून
माझ्या शाळेच्या निरोप समारंभापर्यंतचे,
उभे चिरून, वेणी घालून, गोल गोल शिवलेले.
मधोमध तो मरून, लग्नातला.
पाय ठेवायला मन धजेना.
"ठेव की," म्हणाली,
"गळ्यात होते तेव्हा तरी कुठं सुखी होता तो?"

थेस्सलोनिकीत मी दुसऱ्यांच्या आयांना न्हाऊ घालते,
महिन्याला दोनशे युरो इकडे धाडते.
म्हटलं होतं, पडदे घे, एक बरा दिवा घे,
कपाटाची दारं तरी बदल.
तिनं दारं काढली
आणि त्यांचं टेबल केलं.
मी धाडलेल्या कॉफीच्या डब्यांत कोथिंबीर,
वाकलेले चमचे भिंतीत ठोकून खुंट्या,
खाणीतलं हेल्मेट उलटं टांगून त्यात कांदे.
शेजारची झुझुना जिन्यातच बजावून गेली होती,
"त्सिआलाकडे फार वेळ एका जागी बसू नकोस, मझिया,
उशीचा अभ्रा होशील."

आणि पैसे?
पिठाच्या डब्यात, महिन्यामहिन्याचे,
प्रत्येकाला वेगळं रबर.
कशासाठी, ते तिनं सांगितलं नाही.
नुसतं झाकण लावलं.

संध्याकाळी तिनं दिवा लावला
तशा भिंतीवर बरगड्या उमटल्या.

बाबांचे एक्स-रे.
सत्त्याण्णवचा, दोन हजार चारचा,
आणि तो शेवटचा, ज्यात उजवीकडे खाली
पांढुरका डाग,
थंड काचेवर कुणी श्वास सोडावा तसा.
डॉक्टर त्याच्यावर पेन टेकवून गप्प झाले होते.
कडा लाल लोकरीनं जोडलेल्या,
माझ्याच उसवलेल्या स्वेटरची लोकर, टाके अगदी बारीक.
आणि खरं सांगायचं तर
सगळ्यात जास्त उजेड त्या डागातूनच येत होता.

"आई, हे काय गं. लोक काय म्हणतील?"
"लोकांनी आपापले आणावेत."
मग भांडी विसळता विसळता, पाठमोरी,
"दवाखान्यातले म्हणाले, न्यायचे तर न्या, नाहीतर टाकतो.
टाकतो म्हणाले.
तिथे प्रत्येक जण उजेडाला धरायचा त्याला
आणि मान हलवायचा.
मीही धरलाय उजेडाला.
मी नाही मान हलवत."

चौथ्या बाजूला नुसता पुठ्ठा होता,
मी पाठवलेल्या खोक्याचा,
त्यावर माझंच अक्षर, 'जपून'.
खोलीच्या त्या कोपऱ्यात अंधार,
तिथंच तिची खाट.

रात्री मी बॅग उपसत होते.
"तुझाही असेल ना एक?" तिनं विचारलं,
जणू जास्तीचं बटण मागावं तसं.
"कामावर ठेवताना काढतात म्हणे, छातीचा."

होता. कागदपत्रांच्या तळाशी, तपकिरी पाकिटात.
स्वच्छ. ग्रीकमध्ये शिक्का, काही दोष नाही.
"लागतो मला तो. दरवर्षी दाखवावा लागतो."
"मग दरवर्षी नवा काढतील की."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
पाकीट बराच वेळ मांडीवर राहिलं,
तिनं हात पुढे केला नाही.
लोकरीचा गुंडा मात्र काढून ठेवला
आणि सुई माझ्याकडे दिली,
"ओवून दे. मला नाही दिसत आता."

दिव्याजवळ सरकले.
बाबांच्या बरगड्यांपुढे सुई धरली, एक डोळा मिटला.
लोकर जाड होती, नाकं बारीक.
दोनदा हुकलं.