कंट्रोलची कुंडी

डिसेंबरात सकाळी सातला
महाराजबागेकडून मोर ओरडतो
आणि मी बर्फात रोवलेल्या खलात
जवसाची पानं घोटत असते.
पान कसं लढतं ते कळायचं
तर आधी पान कुटावं लागतं.
याची आता सवय झाली आहे.

शून्य तास. सहा. बारा. चोवीस.
तांबेऱ्याची भुकटी ब्रशनं फासल्यापासून
मोजलेला वेळ.
बीजाणू रुजतो, चाचपडत पर्णरंध्र शोधतो,
मागच्या दारानं आत सरकतो.
अंगावर त्याच्या कायटिनचे धागे.

इथे नंदनवार मध्येच बोलतात.
लीलाधर नंदनवार, आमचे परिचर,
गोळीबार चौकात अठरा वर्षं
खड्ड्याच्या मागावर बसलेले:
"धागा हाय म्हंजे उसवता येते मॅडम.
फक्त टोक सापडलं पायजे."

पानाला टोक सापडतं.
कायटिनेज भिंत कुरतडतं,
आणि जी चिंधी सुटते
तीच पुढच्या पेशीच्या उंबऱ्यावर जाऊन पडते:
कोणी आलंय.
मग पेरॉक्सिडेज जागं होतं,
भिंतींवर लिग्निनचा गिलावा चढतो,
आणि ज्या पेशीत तो शिरला
ती, आणि तिच्या शेजारच्या दोन-चार
मरून जातात.
मुद्दाम.
जिवंत घासाशिवाय त्याचं चालत नाही,
म्हणून.
उरतो तिळाएवढा तपकिरी ठिपका.
वहीत आम्ही त्याला 'प्रतिकारक' म्हणतो.

नळीत ग्वायाकॉल टाकलं
की पाण्यासारखा अर्क बघता बघता
नव्या माठाच्या रंगाचा होतो.
जितका गडद
तितकं पान चिडलेलं.

यंदा कंट्रोलच्या कुंड्या,
ज्यांना नुसतं पाणी फासलं होतं,
काचघराच्या पार दुसऱ्या टोकाला, जाळीआड,
त्यांचीही नळी तिसऱ्या दिवशी तांबूस.
पुन्हा केलं. पुन्हा तांबूस.
पिपेट बदलला, रसायनाची नवी बाटली फोडली,
भिंगाखाली पानं पालथी-उलथी केली.
ठिपका एक नाही.
नंदनवारांनी नळी खिडकीच्या उजेडात धरली.
"याले तं कोनी हातबी नाही लावला.
मंग हा काऊन भेते?"

ते वाकले तेव्हा वास आला.
मलमाचा.
थंडी पडली की ते रोज पहाटे
दोन्ही गुडघ्यांना चोपडतात,
मागाच्या पावड्या दाबून झिजलेल्या गुडघ्यांना,
आणि मग बुटक्या स्टुलावर बसून
एकेका कंट्रोलला पाणी घालतात.
सावकाश. गप्पा मारत.
तो उग्र, गोडसर वास,
मिथाइल सॅलिसिलेट,
झाडंही दुखापत झाली की हवेत सोडतात.
शेजारचं झाड तो ऐकतं
आणि आपली हत्यारं काढून ठेवतं.

मी हे सांगितलं तर ते ओशाळले.
खिशातली डबी चाचपत म्हणाले,
"उद्यापासून लावत नाही."
लावा, मी म्हटलं. पाणी मी घालीन.

मलमच होतं की माझाच हात चुकला,
सिद्ध काहीच केलेलं नाही.
रकान्यासमोर पेन्सिलीचं एक प्रश्नचिन्ह आहे,
आणि गाईडनं त्याला गोल केलाय.

जवसाला आता निळी फुलं येतात,
सकाळी उमलून दुपारी गळतात.
नंदनवार जाळीबाहेरून बघतात.
आधी वारा कुठून येतो ते पाहतात,
मग त्याप्रमाणे
उभं राहायची जागा बदलतात.