देणगीपेटीतल्या सूचना

पेटी मुळात गणपतीची.
'देणगी' मी ब्लेडनं खरवडलं,
तरी 'णगी' राहिलंच, पिवळ्या ऑइलपेंटमध्ये.
त्याखाली स्केचपेननं लिहिलं: सूचना.
आणि ठेवली कोपरखैरण्याच्या बालवाडीत,
जिथे दर रविवारी साडेदहाला आम्ही चर्चेला बसतो
पाण्याच्या वेळेवर, पार्किंगवर, नाल्याच्या वासावर,
आणि कुणी अडवलं नाही तर जगावर.

पाच महिने कुलूप काढलं नाही.
किल्ली शोधतोय, असं तीन सभांत सांगितलं.
ती माझ्याच जुडग्यात होती,
स्कूटरच्या किल्लीशेजारी.

काल काढलं.
आधी निघाली दहाची नोट, चार घड्यांची.
सोबत सूचना काही नाही.
देणाऱ्याला 'णगी' एवढं पुरलं असणार.

मग चिठ्ठ्या.

"खुर्च्या बदला. बालवाडीच्या खुर्चीत
गुडघे कानाला लागतात.
व. ना. कारखानीस, सेक्टर सहा."

"खुर्च्या ऱ्हाऊ द्या.
ह्या मापात सायेब न् आपण एकाच उंचीचे दिसतो."
कागद कांद्याच्या पावतीचा, अक्षर बोटाएवढं जाड.
नाव नाही, पण हा धोंडीराम जगदाळे,
बावीस वर्षं मार्केटात माथाडी.
दुसऱ्या पावतीवरही तोच:
"मुद्दा पोत्यासारखा उचलावा.
दोघांनी धरायचं, तिसऱ्यानं पाठ द्यायची.
हितं सगळे पोत्यावर चढून उभे."

"हळू बोला. मला मराठी येतो.
भांडण अजून येत नाही. लीलाम्मा."

"चिठ्ठीवर नाव टाकायची सक्ती नसावी."
खाली पूर्ण नाव, फ्लॅट नंबर,
आणि मोबाईल, दोन्ही.

"माझ्या खुर्चीवर कुनी आजोबा बसतात.
तिचा पाय तुटला. लाल वाली."
ही पेन्सिलीत. 'ल' उलटा.

"गावठाणाचा विषय नेहमी चहानंतर.
चहानंतर निम्मे उठतात.
एकदा चहाआधी घेऊन बघा.
तारामती मढवी."
हीच चिठ्ठी चार वेळा, चार तारखांची.
शेवटच्या खेपेला 'बघा' खोडलेलं,
तिथे 'घ्या'.

तळाशी एक होती किराणाच्या यादीमागे.
"सचिव शेवटी उभे राहतात आणि सांगतात
कोण काय म्हणालं.
कोणी तसं म्हणालेलं नसतं."
आणि जरा जागा सोडून,
"घरीसुद्धा."

उलटून पाहिली.
साबुदाणा अर्धा, शेंगदाणे, भांड्यांची पावडर.
मार्चमध्ये ही यादी हरवली म्हणून
मी अर्धा तास बोललो होतो स्वयंपाकघराच्या दारात,
आणि शेवटी
आपल्या दोघांचं काय ठरलं, तेही सांगितलं होतं.

ती चर्चेला कधीच येत नाही, असं मी समजून चाललोय.
डबा द्यायला येते म्हणा कधीमधी.
पेटी दाराशीच आहे.

आज सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या.
यादीमागचीही वाचली. साबुदाण्यापर्यंत नाही गेलो.
कारखानीस हसले, मग दचकून थांबले.
लाल खुर्ची धोंडीरामनं उलटी केली,
खिशातून सुतळी काढली.

बारा वाजले.
सवयीनं सगळ्या माना माझ्याकडे.
माझं तोंड उघडलंही होतं,
'तर एकंदरीत' इतकं आलं होतं जिभेवर.
मी पाण्याचा घोट घेतला.

तारामतीबाई अजून बोलतायत.
चहावर साय धरलीय, पण उठलं कुणी नाही.
खाडीकडच्या बांधाचं त्या नाव घेतात,
त्यांच्या सासऱ्यांच्या तोंडचं, सेक्टर पडण्याआधीचं.
सहा वर्षांच्या इतिवृत्तात ते एकदाही नाही.

मी पेनाचं टोपण काढलं, विचारलं,
वेलांटी पहिली की दुसरी?