कांडी संपली

साचाखात्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाचं
आधी ऐकणं जातं, मग बोलणं मोठं होतं.
आमचा ताता, म्हणजे आजोबा,
घरात ओरडूनच मीठ मागायचा.
भिंतीपलीकडच्या पोगुलकाकू
आपली बरणी घेऊन दारात यायच्या.

गिरणीत मात्र कुणी ओरडत नसे.
तीनशे साचे एकदम धोटा आपटतात
तिथं ओरडून कुणाला सांगणार?
सायन्ना चिप्पा, बिल्ला नंबर अकराशे सात,
बोटांनी बोलायचा.
कपाळाला अंगठा: मास्तर आला.
छातीशी मूठ: चहा.
खिसा उलटा: आज उचल नाही.
तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू
डब्यांसोबत खिळ्यांना टांगून
सगळे आत जायचे
आणि ही पाचवी बोलायचे.

त्याच्या पुढच्या दातात एक बारीक खाच होती.
धोट्याच्या डोळ्यातून धागा
ओठांनी ओढून घ्यावा लागे,
दिवसाला किती वेळा, ते त्यानं मोजलं नाही,
दातानं मोजलं.
गड्ड्याच्या यात्रेतून आणलेल्या खडीसाखरेचा दोरा
त्या खाचेत बरोबर बसायचा.
तो मुद्दाम बसवून दाखवायचा,
आणि मी दर वेळी चकित व्हायचो,
निदान आठ वर्षांचा होईपर्यंत.

अव्वा बिड्या वळायची, दिवसाला हजार.
तिच्या दोऱ्याची गाठ बघून ताता हसायचा.
ती म्हणायची, माझा माल जळून जातो,
तुझा अंगावर राहतो,
गाठीची मिजास तुलाच परवडते.
यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.
किंवा ऐकू आलं नसेल.

निवृत्तीच्या दिवशी गिरणीनं शाल दिली.
त्यानं ती मंचावरच उलटी केली,
नखानं बाणा मोजला
आणि शेजारच्या जॉबरच्या कानात,
म्हणजे त्याला कानात वाटेल अशा आवाजात, म्हणाला,
"हे आपल्यातलं नाही!"
मॅनेजर हसला. टाळ्या पडल्या.
ती शाल पुढं दळणाचा डबा झाकायला वापरली.

गिरणी बंद पडली तेव्हा
त्याला कुणी सांगायचं, यावर घरात चार दिवस गेले.
भोंगा तर त्याला ऐकूच येत नव्हता कित्येक वर्षं.
शेवटी बापू जवळ जाऊन बसला, घसा खाकरला.
ताता म्हणाला, माहितंय.
सोमवारपासून खाटेची पट्टी थरथरत नाही.
मग चहा मागितला, छातीशी मूठ धरून.

सिव्हिलमध्ये, शेवटच्या आदल्या दिवशी,
त्यानं दोन बोटं ओठांशी नेली.
परत नेली.
मला वाटलं, बिडी.
दहा वर्षांपूर्वी सोडलेली, पण आता कशाला नाही म्हणायचं,
म्हणून मी जिने उतरून टपरीवर गेलो,
एक सुटी बिडी घेतली, नर्सच्या नजरेतून चुकवून वर आणली.
तोवर बापू पोचला होता.
बापूनं दोन वर्षं बदली कामगार म्हणून काढलेली.
त्यानं बोटं बघितली आणि म्हणाला,
"कांडी संपली म्हणतोय. साचा थांबवा म्हणतोय."
मग काही न बोलता आपला पंजा वर केला,
बोटं मिटली, उघडली.
ताताचे हात चादरीवर खाली आले.
त्या खुणेचा अर्थ मी बापूला अजून विचारलेला नाही.
मी खिशात बिडी धरून उभा.

दुसऱ्या दिवशी अंगणात गर्दी,
कुणीतरी घाईनं पांढरं कापड आणलेलं.
मी वाकलो, काठ उलटा केला,
नखानं मोजायला लागलो.
"काय करलालास बे?" काका ओरडले.
मोजलालोय, म्हटलं.
विरळ होतं. फारच विरळ होतं.
हे आपल्यातलं नाही, मी म्हणालो,
बहुतेक मोठ्यानं,
कारण पोगुलकाकू दारात आल्या
आणि त्यांच्या हातात, सवयीनं,
मिठाची बरणी होती.