अकरा दहा

अकरा दहाला तो जागा होतो.
घड्याळ बघावं लागत नाही, माउसच सांगतो:
बाण मधेच थबकतो, मग दोन इंच पुढे उडी मारतो,
उंबऱ्याला ठेच लागल्यासारखा.
पंखा घरघरतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात
एक हिरवा गोल स्वतःभोवती फिरू लागतो
आणि लिहून येतं:
तुमची माहिती सुरक्षित केली जात आहे.

माझी माहिती सुरक्षितच आहे हो.
डाय प्लेटवरचं चौथं भोक तेवढं अर्धवट लटकलंय,
व्यास बारा दशांश शून्य दोन,
त्यातलं शून्य टाइप केलं, ते अजून पोचायचंय.
खाली गांगुर्डे वायरकटपाशी हात बांधून उभा.
दर पाच मिनिटांनी जिना चढून येतो,
दारातून नुसत्या भुवया उडवतो.
मी हिरव्या गोलाकडे बोट दाखवते.
"आमच्या म्हशी रवंथ करता करता दूधपण देतात, मॅडम."

अंबडच्या या खिडकीतून पांडवलेणीचा डोंगर दिसतो.
कोणी काय दान दिलं, ते तिथे
कोणीतरी छिन्नीने कोरून ठेवलंय.
एकदाच. दुसरी प्रत नाही.
आणि इथे आमच्या दिवाळी बोनसची यादी
रोज नव्याने जपली जाते,
नावांच्या चुकांसकट.

काय काय जपतो मेला!
फायनल, फायनल दोन, फायनल खरंच,
नवीन फोल्डर, नवीन फोल्डर सात,
बंद पडलेल्या कँटीनचा मेनू,
आणि एका फिक्श्चरचं कोटेशन, ज्या गिऱ्हाइकाने
पुढे आमचा फोनच उचलला नाही.

खैरनार साहेबांना म्हटलं, रात्री चालू द्या ना हे.
म्हणाले, रात्री मेन स्विच बंद असतो.
मग कपाट उघडलं. फडक्यात बांधलेली
एक जळकी डिस्क काढून टेबलावर ठेवली.
सोळा सालचे सगळे डाय.
"टाकवत नाही," म्हणाले. "तुम्ही तेव्हा कॉलेजात असाल."
मी गप्प बसले.
राग काही गेला नाही. त्याला कुठे मेन स्विच असतो.

जागेवर येऊन सेटिंगमध्ये शिरले.
काहीतरी वगळायचंच आज.
सगळ्यात जड फोल्डर: बेंडकुळे.

बेंडकुळे मामांना जाऊन तीन वर्षं झाली.
त्यांची खुर्ची माझ्याकडे आली, तिचं एक चाक अडतं.
उघडायला चार मिनिटं लागली.
ड्रॉइंगंच ड्रॉइंगं,
आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात काही ना काही:
हा पत्रा रविवारनंतर रुसतो.
इथे मटेरियल फसवतं, जरा सैल ठेवा.
कोणाला उद्देशून लिहायचे कोण जाणे.
साहेब तर ड्रॉइंग उलटं धरतात.

माझ्या भोकाच्या भावकीतलं एक भोक होतं त्यात.
मामांनी तिथे शून्य पाच ठेवलं होतं.

टिक काढायला बाण नेला.
निघाला, थबकला,
अर्ध्या वाटेत कुठेतरी राहिला.
दारात पुन्हा भुवया.
सदतीस टक्के.
म्हटलं, गांगुर्डे, दोन कटिंग सांगा, साखर कमी,
आणि शून्य दोनचं शून्य पाच केलं.
म्हणजे, टाइप केलं.
पोचेल.