पाणी मुरतं तिथे

ऑक्टोबर लागला की वेल्समधल्या आमच्या दरीत
नदी चहा होऊन येते.
बिनदुधाचा, जरा जास्तच उकळलेला.
मी एलुनेद, शुद्धीकरण केंद्रात रात्रपाळीला.
काचेच्या नळीत तिला उजेडासमोर धरते
आणि तुरटीचा आकडा वाढवते.
मग क्लोरीन. मग खाली शहरातून फोन:
"बाई, पाण्याला तरणतलावाचा वास येतो."
येणारच.
आम्ही शेवटी धुतो; मळतं ते फार वर.

या वर्षी साहेब म्हणाले, नवं यंत्र बसवायचं
तर पाण्यासारखा पैसा लागेल.
पाण्यासाठी पाण्यासारखा. कोणी हसलं नाही.
त्यापेक्षा, म्हणाले, डोंगराला विचारून बघा.

डोंगर म्हणजे हेविन प्रिदर्खचं कुरण.
तीनशे मेंढ्या, एक बहिरा कुत्रा
आणि कंपनीशी दोन पिढ्यांचं वैर.
त्याच्या आईची शाळा आमच्या जलाशयाच्या तळाशी आहे.
कोणी कोणाला पाण्यात पाहतं, असं म्हणायची रीत आहे;
हे घर आम्हाला खरोखरच पाण्यात पाहत आलंय,
रोज, भांडी घासता घासता, खिडकीतून.

तेगिदने टेबलावर नकाशा पसरला.
फणीने ओढावेत तसे सरळ चर, डोंगराच्या पाठभर.
"हे बुजवायचे. कंपनी पैसे देईल."
हेविन उठला, कपाटातून वही घेऊन आला.
बापाचं अक्षर. एकोणीसशे चौसष्ट.
किती यार्ड खणले, यार्डामागे किती पेन्स,
आणि खाली शिक्का: अनुदान मंजूर.
"खणायला पैसे दिलेत. आता बुजवायला देताय.
माझ्या मुलाला कशाचे द्याल? पुन्हा खणायचे?"

तेगिदच्या फायलीत या प्रश्नाचं पान नव्हतं.
मी खिशातून बाटली काढून वहीशेजारी ठेवली.
त्या सकाळचा नमुना.
"हा माझा डोंगर आहे," तो म्हणाला,
ओळख पटवायला बोलावलेल्या माणसासारखा.

वर गेलो. पीट म्हणजे नुसती माती नव्हे;
शेवाळ ते, कुजायचं राहून गेलेलं,
हजारो वर्षं पाण्याखाली जपलेलं.
चरांनी पाणी ओढून नेलं, शेवाळ उघडं पडलं,
वाऱ्याने सुटं केलं, आणि आता प्रत्येक सर
चिमूटभर डोंगर माझ्या नळीत आणून ओतते.
हेविनने चरात हात घातला, कोपरापर्यंत.
"बाप म्हणायचा, पाणी थांबलं की जमीन वाया."

कुठे पाणी मुरतंय म्हटलं
की भुवया वर जातात: काहीतरी काळंबेरं असणार.
इथे उलटं होतं.
पाणी मुरत नव्हतं, हेच काळंबेरं.

तो हो म्हणाला नाही.
मार्चमध्ये तेगिदच्या फोनवर एक फोटो आला, मजकूर नाही.
एक चर, मधोमध पीटचाच बांध,
बाजूला टेकवलेलं बापाचं फावडं,
दांडा तेवढा नवा.
मग सात बांध. मग एकेचाळीस.
एक मेंढी डबक्यात गेली;
तिचे पैसे कंपनीने चार महिने लटकवले.
मे महिन्यात शिव्यांनी भरलेला निरोप आला:
आपला बांध फुटला, माणसं पाठवा.
साहेबांनी शिव्या वाचल्या.
मी "आपला" वाचला.

ऑक्टोबर पुन्हा लागला.
नदी अजून चहाच, पण पातळ,
पाहुण्याला कळेल न कळेल इतकी.
तुरटीची दोन पोती कमी गेली. नोंदवहीत मी तेवढंच लिहिलं.
शहरातून फोन आला नाही;
न आलेल्या फोनला रकाना नसतो.

काल रात्री अडीचला पाऊस वाढला.
पूर्वी तीन तासांत लोंढा दारात असायचा.
मी नळी धुवून ठेवली आणि बसून राहिले.
पाच वाजले. सहा.
पाळी बदलायला माणूस आला, ओला, शिंकत.
"काय आलं का?" म्हणाला.
नाही म्हटलं, अजून नाही.
वर कुठेतरी, अंधारात,
पाणी मुरत होतं.