चार मायक्रॉन

अल ऐनला पहाटे चार वाजता
एसीचं पाणी बादलीत ठिबकतं, तेवढाच आवाज.
मी मेणाच्या ठोकळ्यातून ससाण्याचं आतडं कापतेय,
चार मायक्रॉन,
कांद्याच्या पापुद्र्याला जाडजूड म्हणावं इतकं पातळ.
कोमट पाण्यावर काप पसरतो.
साय उचलावी तसा उचलते काचेवर,
अख्खा, न फाटता.

मग रंग.
जिथे अ‍ॅक्टिन तिथे तपकिरी,
बाकी सगळं फिकं निळं.
अंकुरांच्या मुळाशी केसाहून बारीक धमन्या,
प्रत्येकीभोवती एक तपकिरी कडं, एकाच पेशीच्या जाडीचं.
आणि त्याही पुढे, जिथे कडंसुद्धा परवडत नाही,
एखादीच पेशी नळीला बोटं लावून बसलेली,
धार काढायला बसावं तशी.

पोटात लावा पडला की ही कडी सैल होतात.
उंच गेलं की आवळतात: आता रक्त पंखांना.
अ‍ॅक्टिनवरून मायोसिन सरकतं, हातापुढे हात,
विहिरीचा दोर ओढावा तसं,
फक्त वर काही येत नाही,
विहीरच अरुंद होते.

या मादीची सगळी कडी आवळलेली.
तीन स्लाइडी पाहिल्या. सगळी.

बाहेर हुमैद बसलाय, कालच्याच कंदुऱ्यात,
डाव्या हातात अजून चामड्याचा मोजा.
आमच्या कुट्टनकडून शिकलेल्या मोडक्या हिंदीत विचारतो,
चार दिवस ती लाव्याकडे नुसती बघत होती,
भूक होती का तिला?
माझं काही चुकलं?

शरीर बुडायला लागलं
की आधी पोटाचा वाटा कापतं,
मेंदूचा सगळ्यात शेवटी.
एवढं सांगायला माझी अरबी पुरत नाही.
मराठीतही मी हे कुणाला सांगितलेलं नाही.
दर पाच तारखेला एक्स्चेंजच्या रांगेतून
गुहागरला पैसे जातात,
आणि रात्री आई विचारते, आवाज का गं बारीक येतो तुझा, जेवलीस ना?
उकाडा आहे गं, म्हणते मी, भूकच लागत नाही इथे.

"नव्हती," मी हुमैदला म्हणाले.
"तिला भूक नव्हती."

तो बराच वेळ मान हलवत राहिला.
मग मोजा काढून टेबलावर ठेवला, पावतीवर सही केली, गेला.
मोज्याची बोटं तशीच राहिली,
वाकलेली,
आत हात नसताना.