छप्पन बाय अठ्ठेचाळीस

डावीकडचा बर्नर आधी गेला, मग मधला.
उरलेल्या एकावर चहा, मग वरण, मग भाकरी,
रेशनच्या दुकानापुढं लागावी तशी रांग.

पोरीनं पुण्यात बसून मोबाईलवर माणूस शोधला.
सेलूचा पिनकोड टाकला की चाक फिरत राहायचं,
आणि शेवटी: तुमच्या भागात सेवा उपलब्ध नाही.
परभणीचा कंपनीवाला म्हणाला, येतो गुरुवारी,
साडेसहाशे नुसते यायचे,
दगड कापायचा असला तर ते आमच्याकडं नाही.
कोणत्या गुरुवारी, ते नाही म्हणाला.

हे म्हणाले, गॅसचं काम आहे, उगं हात घालू नको.
ह्यांना बल्ब बदलायला खुर्चीवर चढलं की गरगरतं.
सत्तावीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत
मी बर्नर पेटवलेत,
पोरांच्या बाह्या जळता जळता ओढल्यात.
तुम्ही फक्त टॉर्च धरा, म्हणाले.

रेग्युलेटर काढला. खिडकी उघडली.
खालच्या चार क्लिपा, चारही गंजलेल्या.
कडेचं सिलिकॉन भाजीच्या सुरीनं कापलं
(ती सुरी आता भाजीची राहिली नाही)
आणि काच उचलली,
ओला पापड उचलावा तशी, श्वास धरून.

खाली काळा चौकोन.
त्यात अकरा वर्षांची मोहरी,
न पेटलेली एक काडी,
पोरीच्या कानातली फिरकी,
जिच्याबद्दल कांताबाईला मी दोनदा विचारलं होतं.
आणि मागच्या सिमेंटवर जाड पेन्सिलीनं
५६ × ४८.
त्याखाली वाकडं अक्षर:
बाई उंच हाय. वटा २ इंच वर घे.

काय निघालं, ह्यांनी विचारलं.
माप, म्हणाले.

माहेरी मला शेवरी म्हणायचे.
लग्नाच्या फोटोत ह्यांच्या पायाखाली पाट आहे,
तो दिसू नये म्हणून शालू पुढं ओढलाय.
पहिल्या घरात ओटा मांडीला लागायचा,
कणीक मळताना मी काटकोनात.
या घरात आले नि कंबर दुखायची थांबली.
मी एका तेलाला श्रेय देत होते,
चार जणींना बाटल्याही आणून दिल्या.

धोत्रे मिस्त्री.
शेवटच्या हिशेबात कोपऱ्यावरचा टवका दाखवून
मी त्याचे पाचशे कापले होते.
टवक्यावरून अंगठा फिरवून तो म्हणाला होता,
राहू द्या मग.

नव्या हॉबला अठ्ठावन्न लागतं.
ग्राइंडर भाड्यानं मिळतो, दिवसाला तीनशे.
दगड कसा कापायचा त्याचा व्हिडिओ पोरीनं पाठवला,
मी तो दोनदा बघितलाही.
मग चपला घातल्या
आणि विचारत विचारत फाटकापलीकडं गेले.

मिस्त्री बाजेवर बसलेला. उजवा हात थरथरतो,
काम आता पोरगा बघतो.
कोणता वटा, म्हणाला. गाव सांगून झालं, गल्ली सांगून झाली,
टवक्याचं सांगताना जीभ अडली.
आठवेना त्याला.
बसा तरी, म्हणाला. मी उभीच राहिले.
त्यानं पायापासून वर बघत आणलं,
मान मागं गेली,
हां हां, म्हणाला. दोन इंच.

पोरगा संध्याकाळी आला.
धूळ अशी उडाली की डब्यातलं पीठही काळं.
बाराशे म्हणाला. मी सतराशे दिले.
मोजून म्हणाला, ताई, जास्ती आलेत.
नाही आलेत, म्हणाले. बाबाला दे.

नळी मी जोडली. सांध्याला साबणाचं पाणी लावलं,
ह्यांनी टॉर्च धरला, दोघंही वाकून बघत बसलो.
बुडबुडा नाही.

हे सगळं नंतरचं.
काच बसवायच्या आधी पोरानं भोकातून डोकावलं,
कानावरची पेन्सिल काढली,
५६ वर रेघ मारली, शेजारी ५८ लिहिलं.
खालची ओळ वाचली.
तिला हात लावला नाही.